बाराव्होल्टवाले काका

निवृत्त इंजिनिअरच्या हातात बॅटरी देऊ नये. पैसे द्यावेत, नातवंडं द्यावीत, अगदीच वेळ पडली तर सोसायटीचं सेक्रेटरीपद द्यावं. पण बॅटरी, आणि तिच्यात किती आलं नि तिच्यातून किती गेलं हे दाखवणारं यंत्र, अशा दोन्ही गोष्टी एकदम हाती लागल्या की तो माणूस संसारातून उठलाच म्हणून समजा.

ही जमात जगभर आहे. तिचा हिवाळी मेळा मात्र भरतो अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाबाहेर. गाव चिमुकलं. हमरस्त्यालगत पेट्रोलपंप, रंगीत खड्यांची नि दगडांची दुकानं, बाकी सगळं वाळवंट. जानेवारीत या वाळवंटात हजारो आरव्ही येऊन उभ्या राहतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, पलंग, संडास, सोफा आणि सोफ्यासमोर टीव्ही. मिनेसोटातले, कॅनडातले, बर्फ उपसून पाठ धरलेले म्हातारे-म्हाताऱ्या उन्हाला म्हणून इथे येतात. जमीन सरकारी. 'ला पोसा' नावाच्या तळावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल एवढ्या मुक्कामाचा परवाना मी गेलो तेव्हा 180 डॉलरना मिळत होता. एका कोपऱ्यात पाणी भरायची आणि मैलापाणी ओतायची सोय होती. वीज मात्र नाही. खांब नाही, तार नाही, मीटर नाही. दिवसभर लख्ख ऊन, सहाच्या आत सूर्यास्त आणि पुढे तेरा-चौदा तास अंधार. त्या अंधारात माणसाने करायचं काय? टीव्ही बघायचा. तो चालवायचा कशावर? बॅटरीवर.

इथे आमच्या काकांचा प्रवेश होतो.

काकांना खरं आडनाव आहे आणि ते चांगलं भारदस्त आहे. पण फीनिक्सच्या मराठी मंडळींत ते 'बाराव्होल्टवाले' म्हणूनच ओळखले जातात. सगळी नोकरी न्यू जर्सीत झाली. तिथल्या घराच्या तळघरात 75 इंची टीव्ही आहे आणि तो समोर कुणी नसतानाही चालू असतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिथलं विजेचं बिल बँकेतून आपोआप जातं. काकांनी ते कधी उघडूनही पाहिलेलं नाही. भिंतीतून येणाऱ्या विजेशी त्यांचं काही नातंच नाही. डिसेंबर उजाडला, मोटरहोम दारातून बाहेर निघाली आणि घरची केबल तुटली की मात्र काका बदलतात. मग एकेक वॅट त्यांना पोटच्या पोरासारखा.

त्यांच्या गाडीत चढताना दार उघडलं की पायरीवरचा दिवा लागतो. तो किती वॅटचा आहे हे तुम्ही बूट काढेपर्यंत तुम्हाला सांगून झालेलं असतं. चहाचं विचारतात ते मागाहून.

चहा हातात आला की प्रवचन. ते मी इतक्यांदा ऐकलंय की मधूनच पुढचं वाक्य सांगू शकतो; पण सांगत नाही, कारण काकांना मग पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

"हा बघ टीव्ही. 24 इंची. मागे काय लिहिलंय, वाच."

"19 व्होल्ट."

"बॅटरी किती व्होल्टची?"

"12."

"आता लोक काय करतात? इन्व्हर्टर लावतात. तो 12 चे 120 करतो. मग टीव्हीबरोबर आलेला तो काळा ठोकळा प्लगमध्ये खुपसतात. तो 120 चे परत 19 करतो. दादरहून ठाण्याला जायला कुणी नागपूरची गाडी पकडतं का रे?"

कुणी पकडत नाही, असं आपण कबूल करायचं.

"टीव्ही स्वतः खातो 30 वॅट. पण या वळशापायी बॅटरीतून जातात जवळजवळ 60. थोडे इन्व्हर्टर बदलून देताना खातो, थोडे ठोकळा खातो, आणि उरलेले? इन्व्हर्टर 2000 वॅटचा आहे. तो नुसता चालू ठेवला, त्याच्यावर काहीही लावलं नाही, तरी 22 वॅट घेतो. बसल्या जागी! 22 गुणिले 24 किती? 528. अर्धा युनिट झाला. आणि चार तास टीव्ही बघायला लागतात 120 वॅट-तास. म्हणजे घरात जास्त खाणारा कोण? काम करणारा की बसून असणारा?"

"यावर मी काही बोलत नाही," काकू ओट्यापाशी कांदा चिरता चिरता म्हणतात.

खरं सांगायचं तर काकांचं गणित बिनचूक आहे. या सगळ्या प्रकारातली खरी गंमतही हीच आहे की माणूस चुकत नाही. बॅटरीवर टीव्ही बघणारे कित्येक लोक मोठा इन्व्हर्टर दिवसरात्र चालू ठेवतात आणि बॅटरी टीव्हीने खाल्ली म्हणून टीव्हीला शिव्या देतात. काकांनी इन्व्हर्टरला रजा दिली आणि 12 चे थेट 19 करणारा, पत्त्यांच्या जोडाएवढा एक कन्व्हर्टर बसवला. आता तोच टीव्ही 33 वॅटमध्ये चालतो. शिवाय बॅटरीचे 12 व्होल्ट हे नुसतं म्हणायला. उन्हात चार्ज होत असताना ते 14 च्या वर चढतात, उतरली की 12 च्या खाली घसरतात. ही चढउतार टीव्हीपर्यंत पोचू न देणं हेही त्याच डबीचं काम.

तारेबद्दल तर विचारूच नका. 120 व्होल्टला जे काम एका अँपिअरमध्ये होतं, त्याला 12 व्होल्टला दहा अँपिअर लागतात, आणि तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो. म्हणून काका बोटाएवढी जाड तार वापरतात. सिगारेट लायटरच्या भोकातून कुणी टीव्ही चालवलेला दिसला की त्यांचा चेहरा, सोवळ्यात असताना कुणी शिवल्यावर होतो तसा, आक्रसतो. त्यांना एक जोड करताना मी जवळून पाहिलंय. तारेचं टोक मोजून सोललं. एकही तांब्याचा धागा तुटला नाही ना, हे चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. त्यावर लग, म्हणजे जोडणीची धातूची टोपी, चढवला, क्रिंपिंगच्या पक्कडीत धरून दोन्ही हातांनी दाबला, मग तार एका मुठीत नि लग दुसऱ्या मुठीत धरून डोळे मिटून ओढला. सुटला नाही. वर उष्णतेने आक्रसणारी काळी नळी सरकवून काकूंच्या हेअर ड्रायरची हवा देणार, तेवढ्यात थांबले. हेअर ड्रायर 1500 वॅटचा. मग काडी ओढून काडेपेटीवर काम भागवलं.

या माणसाच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी टीव्ही नाही. तिथे शंट आहे. बॅटरीच्या ऋण टोकाला पितळेचा एक ठोकळा बसवतात. गाडीतला सगळा करंट त्याच्यातून जातो आणि तो मोजून ठोकळा आकडा मोबाइलवर पाठवतो. लिथियमच्या बॅटरीला हे लागतंच, कारण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो. पाहून कळत नाही की ती भरलेली आहे की संपत आलीय. जुनी शिशाची बॅटरी निदान चेहऱ्यावर दाखवायची. 12.7 म्हणजे भरलेली, 12.1 म्हणजे अर्ध्यावर, आणि अर्ध्याच्या खाली तिला न्यायचं नाही. काकांकडे आता 100 अँपिअर-तासाच्या दोन लिथियम आहेत, मिळून अडीच हजार वॅट-तासांच्या वर. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करता येत नाही, म्हणून वाटेत फ्लॅगस्टाफच्या बर्फाची धास्ती घेऊन त्या पलंगाखाली आणल्या. तिथे पूर्वी काकूंच्या साड्यांची बॅग असायची. बॅग आता बाहेरच्या कप्प्यात, थंडीत.

गावात पाहण्यासारखी एक जागा आहे. 1850 च्या दशकात अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्याची कबर. नाव हाजी अली. अमेरिकनांच्या तोंडी त्याचं 'हाय जॉली' झालं. 1902 मध्ये तो वारला. कबरीवर दगडी पिरॅमिड, पिरॅमिडवर उंट. आम्ही सगळे गेलो. काका आले नाहीत. बॅटरी तेव्हा 97 टक्क्यांवर होती आणि 100 होताना त्यांना हजर राहायचं होतं.

एकदा मध्यरात्री शंटने दाखवलं की सगळं बंद असूनही तिसरा हिस्सा अँपिअर कुठेतरी जातोय. दुसरा माणूस कूस बदलून झोपला असता. काका डोक्याला विजेरी बांधून उठले. एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा. गॅसच्या गळतीचा इशारा देणारं यंत्र निर्दोष ठरलं. फ्रिज गॅसवर चालणारा, त्याच्या सर्किटचं खाणं आधीच वहीत नोंदलेलं. शेवटी टीव्हीमागच्या भिंतीवर, कपाटाच्या आड, अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा एक हिरवा ठिपका चमकताना सापडला. कुणीतरी बटण चालू ठेवलं होतं. ते कोणी, याची चौकशी काकांनी सकाळी केली. काकूंनी सांगितलं, "अहो, तुम्हीच."

एवढा सोस कुठून आला? काकांनी एकदा सांगितलं, आणि तेव्हापासून मी त्यांना हसताना जरा जपून हसतो.

1987 साल. सोलापूरकडचं त्यांचं गाव. वीज असून नसल्यासारखी. दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण'. वाड्यात 14 इंची कृष्णधवल टीव्ही होता, मागे 12 व्होल्टची सोय असलेला. तेव्हा असे संच मिळायचे आणि खेडोपाडी ते गाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचे. बॅटरी काढून आणायची, लाल-काळे चिमटे लावायचे आणि भाग संपला की परत बसवायची, हे काम काकांचं. लोक टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, पाऊण तास गाव हात जोडून बसायचं. एका रविवारी दुपारी ट्रॅक्टर सुरू होईना. वडिलांनी आख्ख्या आळीसमोर काकांच्या कानाखाली वाजवली. "तुझ्या रामाने बॅटरी खाल्ली!"

"अरे, अडीच अँपिअर," काका मला म्हणाले. आवाज अजून दुखावलेला. "पाऊण तास. दोन अँपिअर-तासही नाहीत. 88 अँपिअर-तासांची बॅटरी. दोनाने ट्रॅक्टर बंद पडतो? ती मुळातच मेलेली होती. पण तेव्हा माझ्याकडे मीटर नव्हता."

आता आहे. वडील नाहीत. गावात आता मोठे भाऊ असतात. फोन झाला की काका त्यांना ती बॅटरी कुठल्या साली घेतली होती ते विचारतात, आणि भाऊ पावसाविषयी बोलायला लागतात.

या निर्दोषत्वाच्या खटल्यात काकूंना रोज साक्षीला उभं राहावं लागतं. चटणी वाटायची तर दुपारी बारा ते दोनमध्ये, कारण तेव्हा छपरावरचे पॅनेल भरात असतात. मिक्सर 500 वॅटचा. दोन मिनिटं फिरवला तर इन्व्हर्टरच्या खाण्यासकट 20 वॅट-तास. वहीत 'चटणी' नावाचं खातं आहे. आमटीला फोडणी कधीही द्यावी, गॅस वेगळा. रात्री गाडी उबवणारी भट्टी लावायची नाही. गरम हवा गॅसची असली तरी ती ढकलणारा पंखा 100 वॅट घेतो, आणि वाळवंटातल्या रात्री तो थांबत थांबत सहा तास चालला तर सहाशे वॅट-तास, म्हणजे पाच रात्रींचा टीव्ही. म्हणून टीव्ही बघताना शाल, झोपताना दोन दुलया आणि कानटोपी.

काकू न्यू जर्सीत अकाउंट्समध्ये होत्या. हिशेब त्यांनाही येतो. एका संध्याकाळी स्वेटर विणता विणता त्या म्हणाल्या, "एका गॅलन पेट्रोलमध्ये किती ऊर्जा असते हो?"

"33.7 किलोवॅट-तास," काका ताबडतोब म्हणाले. असला प्रश्न बायको आपण होऊन विचारते याचा त्यांना कोण आनंद झाला.

"म्हणजे 33.7 युनिट. तुम्ही रोज वाचवता अर्धा. एका गॅलनची भरपाई व्हायला दोन महिने लागले. आपली गाडी गॅलनला आठ मैल जाते. न्यू जर्सीहून इथवर 2600 मैल. म्हणजे सव्वातीनशे गॅलन. येतानाचं पेट्रोल फिटायला साठ वर्षं लागतील."

गाडीत शांतता पसरली. इन्व्हर्टर बंदच होता, त्यामुळे ती जास्तच पसरली. काका वही घेऊन बसले. पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा उजळला.

"तू सगळी उष्णता धरलीस. इंजिन तिच्यातली जेमतेम पाव कामाला लावतं. चारने भाग. पंधरा वर्षं!" आणि माझ्याकडे वळून, "तसं आवाक्यातलं आहे."

"बारा महिने इथेच राहिलात तर," काकू म्हणाल्या आणि टाके मोजायला लागल्या.

शेजारी कॅनडातल्या सस्कॅचेवानचा एक शेतकरी. गव्हाची शेती मुलाच्या हवाली करून आलेला. तो संध्याकाळ झाली की जनरेटर सुरू करतो आणि रात्री दहापर्यंत, म्हणजे नियमानुसार बंद करायची वेळ होईपर्यंत, हॉकी बघतो. काकांना हा धडधडणारा अपव्यय सहन होत नाही. एकदा ते वही, कन्व्हर्टर आणि जाड तारेचा नमुना घेऊन त्याला शहाणं करायला गेले. म्हातारा अत्यंत सभ्य. त्याने खुर्ची दिली, पूर्ण ऐकून घेतलं, मधेमधे मान डोलावली. तासाभराने काकांच्या लक्षात आलं की त्याने कानातलं यंत्र सुरुवातीलाच काढून खिशात ठेवलं होतं.

परवाच्या खेपेला मात्र काका चिंतेत दिसले. वही जुळत नव्हती. तूट असती तर त्यांनी चोर शोधला असता. ही वाढ होती. वहीप्रमाणे जेवढी बॅटरी उरायला हवी त्यापेक्षा रोज 20 वॅट-तास जास्त उरत होते. अडीच हजारांत वीस, एक टक्कासुद्धा नाही. मी म्हटलं, सोडून द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा प्यायला लागलो. शंटचं कॅलिब्रेशन पाहून झालं, पॅनेल पुसून झाले, टीव्हीचे आकडे पुन्हा मोजून झाले.

"खातं जुळत नसेल तर नोंद तपासावी," काकू आतून म्हणाल्या. "पैसे बरोबरच असतात."

"नोंदी माझ्या आहेत," काका म्हणाले. विषय संपला.

रात्री एक जुनं मराठी नाटक लावलं. पेनड्राइव्हवरून, कारण छपरावरची इंटरनेटची थाळी पन्नास ते पंच्याहत्तर वॅट घेते, टीव्हीच्या दुप्पट, आणि आठनंतर तिला बंदी. पडद्यामागचा उजेड कमी केला की टीव्ही 30 वॅटवरून 19 वॅटवर येतो, हा काकांचा नवा शोध. त्यामुळे नाटकातल्या दिवाणखान्यात कोण आलं ते आवाजावरून ओळखायचं. नायिकेने चिठ्ठी वाचली की फाडली, यावर फीनिक्सहून आलेल्या दोघांत वाद झाला. काका पडद्याकडे पाहतच नव्हते. मोबाइलवरच्या आकड्याचा निळा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि खोलीत तोच काय तो नीट दिसत होता. पहिल्या अंकाचा पडदा पडला तेव्हा ते म्हणाले, "21 वॅट-तास. वा!" आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात आतल्या पलंगावरून काकूंचं हसू ऐकू आलं. त्या कानात वायर घालून फोनवर त्यांची मालिका बघत होत्या, पूर्ण उजेडात.

"फोन किती टक्के?" काकांनी विचारलं.

"शंभर होता. आता नव्वद."

"शंभर? आज चार्जिंगची नोंद नाही."

"शेजारी लावते. त्यांचा जनरेटर चालूच असतो. ते म्हणतात, आणखी काही असेल तर आणा. मग मिक्सर पण तिकडेच फिरवून आणते. लसणाची चटणी त्यांना आवडली, पावाला लावून खातात. तुमच्या त्या बारा ते दोनची वाट कोण बघणार?"

आम्ही सगळे काकांकडे पाहायला लागलो. ते हळूच उठले. मला वाटलं, शेजाऱ्याकडे निघाले. पण त्यांनी कपाटातून वही काढली, चटणीचं पान उघडलं, विजेरी तोंडात धरली आणि मागच्या तारखांपासून एकेक 20 खोडायला सुरुवात केली. खोडता खोडता विजेरी काढून म्हणाले, "म्हणजे शंट बरोबर होता!" आणि मग, काकूंकडे वळून, अगदी मायेने, "तुझा कुकर विजेवरचा घेऊया का गं? त्यांच्याकडेच लावता येईल."